वाचकांचे प्रश्न : टेरेटिकॉर्निस की कमाल्डुलेन्सिस?

निलगिरीबद्दल पुणे जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत एक गोंधळ वारंवार दिसतो. रोपवाटिकेत, बांधावर आणि सोसायटीच्या आवारात 'निलगिरी' म्हणून ज्या झाडाकडे बोट दाखवले जाते ते दर वेळी एकाच जातीचे नसते. आपल्याकडच्या शेतांत प्रामुख्याने युकॅलिप्टस टेरेटिकॉर्निस आणि युकॅलिप्टस कमाल्डुलेन्सिस या दोन जवळच्या जाती आणि त्यांचे संकर आढळतात. निलगिरी पर्वतावरची, औषधी तेलाची ग्लोब्युलस ही जात वेगळी. तिला थंड डोंगरी हवा लागते, पुण्याच्या उन्हाळ्यात ती रमत नाही. या वेळचे सदर म्हणून पूर्ण निलगिरीला दिले आहे.

प्रश्न : यवतजवळ आमच्या बांधावर जुनी निलगिरीची झाडे आहेत. एक जण त्यांना टेरेटिकॉर्निस म्हणतो, दुसरा कमाल्डुलेन्सिस. मला दोन्ही सारखीच दिसतात. खात्रीने ओळखायचे कसे?

उत्तर : खोडावरून ओळखायला जाऊ नका. दोन्हींची साल पट्ट्यांनी आणि तुकड्यांनी सुटते, खाली पांढरट, करडा, कुठे निळसर छटेचा गुळगुळीत बुंधा दिसतो आणि तळाशी थोडी खरबरीत साल राहते. मोठ्या झाडाच्या पानांचाही फार उपयोग नाही. कमाल्डुलेन्सिसचे पान बहुधा अरुंद आणि राखट हिरवे, टेरेटिकॉर्निसचे थोडे रुंद आणि तकतकीत असते खरे, पण एकाच झाडावर वरची आणि खालची पाने इतकी निराळी असतात की त्यावर पैज लावू नये. कोवळ्या रोपाची किंवा खुंटातून फुटलेल्या धुमाऱ्याची पाने जरा जास्त बोलकी असतात. टेरेटिकॉर्निसची रुंद, अंडाकृती. कमाल्डुलेन्सिसची त्या मानाने निमुळती, करडी झाक असलेली.

खरी ओळख कळीत आणि बियांत आहे. निलगिरीची कळी म्हणजे खाली एक वाटी आणि वर तिच्यावर बसलेली टोपी. फूल उमलताना ही टोपी गळून पडते आणि पुंकेसरांचा पांढरा झुपका बाहेर येतो. टेरेटिकॉर्निसची टोपी लांब, गोल, टोकाला निमुळती, शिंगासारखी असते. वाटीच्या दोन ते चार पट लांब. 'टेरेटिकॉर्निस'चा अर्थही गोल शिंगाचे असाच आहे. कमाल्डुलेन्सिसची टोपी आखूड, खाली घुमटासारखी फुगीर आणि शेंड्याला अचानक चोच काढल्यासारखी. कळी मोठी झालेली पण न उमललेली घ्या आणि दाढीच्या ब्लेडने उभी चिरा. टेरेटिकॉर्निसमध्ये पुंकेसर टोपीत सरळ उभे असतात. चोचीच्या टोपीच्या कमाल्डुलेन्सिसमध्ये ते आत दुमडलेले दिसतात.

इथे एक खाच आहे. कमाल्डुलेन्सिसच्या २००९ साली सात उपजाती मांडल्या गेल्या. त्यांतली ऑस्ट्रेलियाच्या उत्तर क्वीन्सलँडमधली 'सिम्युलाटा' ही उपजात टेरेटिकॉर्निससारखीच लांब शिंगाची टोपी घेऊन येते. उष्ण कटिबंधात लागवडीसाठी नावाजलेले 'पेटफोर्ड' हे बियाणे याच भागातले. म्हणजे भारतात आलेल्या चांगल्या कमाल्डुलेन्सिसची टोपीच नेमकी फसवी असू शकते. त्यामुळे शेवटचा निवाडा बियांवर ठेवा.

बी असे बघा. तपकिरी झालेली पण तोंड न उघडलेली बोंडे उंच फांदीवरून काढा. जमिनीवर पडलेली घेऊ नका, ती बहुतेक रिकामी असतात. वर्तमानपत्रावर सावलीत दोन-तीन दिवस ठेवली की झडपा उघडतात आणि बारीक पूड खाली पडते. या पुडीत खऱ्या बिया थोड्या आणि भुसा फार असतो. भुसा हलका, सुरकुतलेला, कोनाकोनाचा. बी भरीव असते. दहा पट मोठे दाखवणारे भिंग घ्या, नुसत्या डोळ्याने हे जमत नाही. बी पिवळे ते पिवळट तपकिरी, गुळगुळीत, साधारण चौकोनी ठोकळ्यासारखे असेल तर ती कमाल्डुलेन्सिस. पिवळ्या बीला चिमट्याने हलके दाबले तर वरचे आवरण सुटून आत दुसरे तपकिरी आवरण दिसते. टेरेटिकॉर्निसचे बी काळसर किंवा काळे, लांबट, चपटे, पृष्ठभाग खाचाखाचांचा आणि कडा किंचित दातेरी, आवरण एकच. चोचीची आखूड टोपी आणि काळे बी, किंवा एकाच झाडाच्या बिया मधल्याच रंगाच्या, असा मेळ न बसणारा प्रकार दिसला तर झाड संकरित समजा.

बोंडावरून या दोघींमधला फरक कळत नाही. दोन्हींत झडपा बोंडाच्या काठाबाहेर उभ्या येतात. मात्र या जोडीला इतर जातींपासून वेगळे काढायला ही खूण उत्तम.

आपल्या बांधावरची जुनी झाडे संकरित निघण्याची शक्यता बरीच आहे. टिपू सुलतानाच्या काळात, १७९० च्या सुमारास, नंदीदुर्गाच्या बागेत निलगिरीच्या अनेक जाती लागल्या. पुढे त्यांच्यात आपापसांत परागण झाले आणि तिथून 'म्हैसूर गम' नावाने जे बी देशभर गेले ते प्रामुख्याने टेरेटिकॉर्निसच्या वळणाचे पण मिश्र रक्ताचे होते. जुन्या लागवडी बहुतेक याच बियांच्या. त्या झाडांना शुद्ध टेरेटिकॉर्निस म्हणणे चूक, आणि 'टेरेटिकॉर्निसच नाही' म्हणणेही चूक.

तरीही शंका राहिली तर नमुना दाखवा. कळ्या, बोंडे आणि पूर्ण वाढलेली पाने असलेली एक फूट लांबीची फांदी वर्तमानपत्रात सपाट दाबून वाळवा. कागद पहिले आठवडाभर रोज बदला, नाहीतर पाने काळी पडतात. सोबत खुंटाच्या धुमाऱ्याची पाने, कागदी पाकिटात बी आणि बुंध्याचे दोन फोटो ठेवा. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यातच कोरेगाव रस्त्यावर आहे, तिथे वनस्पतींच्या वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे.

प्रश्न : बारामती तालुक्यात कॅनॉलखालची चार एकर जमीन चोपण झाली आहे. ऊस येत नाही. कमाल्डुलेन्सिस कमी पाण्यावर आणि खारवट जमिनीत येते असे ऐकले. लावू का? शिवाय आमचा एक मुरमाड माळ आहे, तिथेही तीच लावावी का?

उत्तर : दोन जमिनींची दोन उत्तरे आहेत.

चोपण आणि पाणथळ जमिनीसाठी तुमचे म्हणणे बरोबर आहे. मुळाशी पाणी साचणे आणि खारवटपणा, दोन्ही कमाल्डुलेन्सिस टेरेटिकॉर्निसपेक्षा चांगले सोसते. पण रोप लहान असताना तेही हरते. म्हणून आधी चर काढून साचलेल्या पाण्याला वाट द्या आणि सपाटीवर न लावता दीड-दोन फूट उंचीच्या गादीवर लावा. माती परीक्षणात पीएच आणि विद्युतवाहकता दोन्ही तपासून घ्या. पीएच साडेआठच्या वर असेल तर खड्ड्यात माती परीक्षणाच्या शिफारशीप्रमाणे जिप्सम मिसळल्याशिवाय रोप टाकू नका.

माळाचे गणित निराळे. कमाल्डुलेन्सिस ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातून येते. तिथे काही ठिकाणी वर्षाचा पाऊस २५० मिलिमीटरच्या आसपास असतो, तरी झाडे शेकडो वर्षे उभी आहेत. हे वाचून ती 'कमी पाण्यावरची' म्हणून विकली जाते. पण ती झाडे उभी आहेत नद्यांच्या काठाने आणि पुराच्या सपाटीवर. पाऊस नसला तरी त्यांची मुळे खोलवरच्या भूजलात असतात. आपल्या माळावर दीड फुटावर काळा कातळ लागतो. तिथे मुळांना जायला जागा नाही आणि खाली पोचण्यासारखे पाणीही नाही. अशा जागी पहिली दोन पावसाळे झाड झपाट्याने वाढते, मग तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात शेंड्याकडून वाळू लागते. टेरेटिकॉर्निस ही ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनारपट्टीवरची आणि पापुआ न्यू गिनीतली, जास्त पावसाची आणि खोल गाळाच्या जमिनीची सवय असलेली. कातळावर तीही थांबते.

म्हणून जात ठरवण्याआधी एकरी तीन-चार जागी पहारीने किंवा मातीच्या गिरमिटाने खणून बघा. मीटरभर माती किंवा भुसभुशीत मुरूम असेल तर लावा. ४५ सेंटिमीटरच्या आत सलग कातळ लागला तर निलगिरी सोडून द्या, दोन्ही जाती.

आपल्या भागात आणखी एक अडचण चुनखडीची. ओल्या मातीच्या ढेकळावर पातळ केलेल्या मिठाच्या आम्लाचे, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिडचे, दोन थेंब टाका. जोरात फेस आला तर चुना भरपूर आहे. अशा मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी याला नत्राची कमतरता समजून युरिया टाकतात आणि पिवळेपणा वाढतो. नत्राच्या कमतरतेत आधी जुनी, खालची पाने पिवळी होतात. लोहाच्या कमतरतेत शेंड्याची. एवढा एक फरक लक्षात ठेवला तर खर्च वाचतो. उपाय म्हणून ०.५ टक्के फेरस सल्फेटची, म्हणजे दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅमची, फवारणी दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा करा. मुळाशी द्यायचे तर ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड, म्हणजे मातीत अडकून पडू नये म्हणून रसायनात बांधलेले, लोह घ्या. स्वस्तातले ईडीटीए प्रकारचे चिलेट जास्त पीएचच्या मातीत टिकत नाही.

मावळ-मुळशीच्या वाचकांनीही विचारले आहे. घाटमाथ्याजवळच्या धुवाधार पावसात पानांवर करपा येऊन झाडे पर्णहीन होतात आणि त्यात कमाल्डुलेन्सिसचे हाल जास्त होतात. तिथे निलगिरीचा नादच करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या मातीत आणि पावसात बांबू, आंबा, फणस, हिरडा असे कितीतरी चांगले पर्याय आहेत.

प्रश्न : बियांची रोपे स्वस्त मिळतात, क्लोनची महाग. फरक खरोखर एवढा असतो का? लागवड नेमकी कशी करावी?

उत्तर : असतो. टेरेटिकॉर्निस आणि कमाल्डुलेन्सिस यांचा संकर पहिल्या पिढीत जोमदार आणि बऱ्यापैकी एकसारखा येतो. त्या झाडांचे बी धरून रोपे केली की पुढच्या पिढीत गुण विखुरतात. एकाच ओळीत एक झाड वीस फूट, शेजारचे आठ फूट, तिसरे वाकडे. क्लोन म्हणजे निवडलेल्या एका झाडाच्या फांदीची कलमे, त्यामुळे पूर्ण वावर एका वाढीचे येते. पण क्लोन घेताना जातीच्या नावावर समाधान मानू नका, क्रमांक विचारा. भद्राचलमचा ४१३ (तेलंगणातल्या भद्राचलमच्या कागद कारखान्याचा क्लोन) असे कोणी सांगितले तर त्याचा काही अर्थ आहे. 'सुधारित निलगिरी' याला काही अर्थ नाही. पावतीवर क्रमांक लिहून घ्या. आणि सगळे क्षेत्र एकाच क्लोनखाली आणू नका. एखादी कीड त्या क्लोनला लागली तर सगळेच जाते. निदान तीन क्रमांक पट्ट्यांनी लावा.

रोप तीन ते चार महिन्यांचे, एक-सव्वा फुटाचे, पेन्सिलीपेक्षा बारीक पण ताठ खोडाचे घ्या. उंच रोप बघून भुलू नका. पिशवीत सहा-आठ महिने राहिलेल्या रोपाची मुळे तळाशी गोल फिरलेली असतात आणि ती पुढे कधीच सरळ होत नाहीत. असे झाड तीन-चार वर्षांनी वळवाच्या वाऱ्यात मुळासकट उलथते. विकत घेताना एक-दोन रोपांच्या पिशव्या फाडून तळ बघण्याचा आग्रह धरा. मुळे किंचित वळायला लागलेली असतील तर लावताना तळाचा सेंटिमीटरभर भाग धारदार चाकूने कापून टाका.

अंतर बल्ल्यांसाठी ३ × २ मीटर ठेवा, एकरी साधारण ६७० रोपे बसतात. आंतरपीक घ्यायचे असेल तर दोन ओळींतले अंतर वाढवून ओळीतले कमी करा. खड्डे उन्हाळ्यात ४५ सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खणून तापू द्या. मृगाचा पाऊस जमिनीत फूटभर मुरला की लावा. पहिल्या सरीवर घाई केली आणि पंधरा दिवसांचा खंड पडला तर रोपे जातात. पिशवीची पूर्ण प्लास्टिक काढा आणि मातीचा गोळा फुटू देऊ नका. रोप पिशवीत जेवढे खोल होते तेवढेच ठेवा. वाळवीचा भाग असेल तर शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरा. कच्चे शेणखत वाळवीला आमंत्रण देते. महिन्याने, रोपाने नवी पालवी धरल्यावर, खोडापासून वीतभर लांब बांगडी करून ५० ग्रॅम डीएपी द्या. शेंडे जळून मागे येत असतील आणि नवी पाने जाड, ठिसूळ, वेडीवाकडी येत असतील तर बोरॉन कमी आहे. झाडामागे १० ते १५ ग्रॅम बोरॅक्स वर्षातून एकदा पुरे. त्याहून जास्त दिले तर विषबाधा होते.

आणि तण काढा. पहिली दोन वर्षे प्रत्येक रोपाभोवती मीटरभर व्यासाचे आळे स्वच्छ ठेवणे हे खतापेक्षा जास्त मोलाचे आहे. निलगिरीचे कोवळे रोप गवताशी स्पर्धा अजिबात करू शकत नाही. हरळी आणि कुंदा असलेल्या रानात लागवडीचे अपयश बहुतेक वेळा इथेच सुरू होते.

प्रश्न : रोपांच्या पानांच्या मधल्या शिरेवर आणि देठावर गाठी येत आहेत. पाने मुरडतात, शेंडा थांबतो. औषध कोणते मारावे?

उत्तर : ही लेप्टोसायबे इन्व्हेजा नावाच्या गाठमाशीची लक्षणे आहेत. भारतात ही कीड २००१ मध्ये कर्नाटकात मंड्या भागात दिसली आणि काही वर्षांत दक्षिण भारतभर पसरली. माशी जेमतेम एक मिलिमीटरची, काळपट, निळसर-हिरव्या चमकेची. ती कोवळ्या पानाच्या मध्यशिरेत आणि देठात अंडी घालते. गाठ आधी हिरवी, मग फुगून गुलाबी आणि चकचकीत होते, शेवटी फिकी, तपकिरी पडते. गाठीवर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोके दिसली म्हणजे माश्या उडून गेल्या. अंड्यापासून माशीपर्यंत चार महिन्यांहून अधिक काळ जातो आणि एवढा सगळा वेळ अळी पानाच्या आत बंद असते. म्हणून वरून मारलेले कीटकनाशक तिच्यापर्यंत पोचत नाही. गाठी दिसल्यावर फवारणी करणे म्हणजे पैसे पाण्यात.

टेरेटिकॉर्निस आणि कमाल्डुलेन्सिस दोन्ही तिला आवडतात, त्यामुळे जात बदलून सुटका नाही. क्लोनमध्ये मात्र फरक पडतो, काहींवर गाठी जवळजवळ येतच नाहीत. रोपवाटिकेत गाठी असलेली रोपे वेचून जाळा, कंपोस्टात टाकू नका. शेतात लावलेल्या झाडांचे गाठीचे शेंडे भोके पडण्याआधी छाटून जाळा. युरियाचा मारा थांबवा, त्याने माशीला हवी तशी कोवळी पालवी सतत येत राहते. या माशीवर जगणाऱ्या क्वाड्रास्टिकस मेंडेली यांसारख्या परजीवी गांधीलमाश्या आता आपल्याकडेही आहेत, आणि वारंवार फवारणी केली की आधी त्या मरतात. झाड दीड-दोन वर्षांचे होऊन उंच गेले की बहुतेक वेळा या किडीतून सावरते.

प्रश्न : आमच्या कोथरूडच्या सोसायटीत एका झाडाच्या पानाला लिंबाचा वास येतो, दुसऱ्याला औषधासारखा. दोन्ही निलगिरीच ना? पाने उकळून वाफ घेतली तर चालेल का?

उत्तर : लिंबाच्या वासाचे झाड म्हणजे सिट्रिओडोरा. पूर्वी ते युकॅलिप्टसमध्येच धरत. १९९५ मध्ये कोरिंबिया ही वेगळी प्रजाती (जीनस) करून तीत हलवले. फरक बोंडावरून पटकन कळतो. सिट्रिओडोराचे बोंड मोठे, सुरईच्या घाटाचे आणि झडपा आत खोल दडलेल्या. टेरेटिकॉर्निसचे बोंड वाटाण्याएवढे आणि झडपा बाहेर उभ्या. सिट्रिओडोराचा बुंधा गुलाबीसर पांढरा, हात फिरवला तर पावडर लागल्यासारखा. तिच्या कोवळ्या पानांवर राठ केस असतात आणि देठ कधी कधी पानाच्या कडेला न चिकटता थोडा आत, पानाच्या पाठीला चिकटलेला असतो.

तिच्या तेलात मुख्य भाग सिट्रोनेलालचा. ते साबण, अत्तरे आणि डास पळवणाऱ्या मलमांत जाते. सर्दीसाठी जे निलगिरी तेल वापरतात त्यात सिनिओल हा घटक हवा, औषधी दर्जासाठी साधारण ७० टक्क्यांहून अधिक. टेरेटिकॉर्निस आणि कमाल्डुलेन्सिस यांच्या तेलात त्याचे प्रमाण झाडागणिक बदलते. म्हणून आवारातल्या झाडाची पाने सर्दीवर भरवशाची नाहीत. तेल कोणतेही असो, ते पोटात घ्यायचे नाही. लहान मुलाला चमचाभर तेलानेही झटके येऊ शकतात. बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा.

प्रश्न : निलगिरी विहीर आटवते हे खरे की खोटे? आणि या दोन जातींत कमी पाणी पिणारी कोणती?

उत्तर : झाड किती पाणी घेईल हे जातीच्या नावापेक्षा त्याच्या मुळांना किती खोल जाता येते यावर ठरते. या दोन जातींत त्या बाबतीत निवडण्यासारखे फारसे काही नाही. दोन्ही वर्षभर हिरव्या राहतात, दोन्हींची मुळे खाली जातात आणि पाणी हाताशी असेपर्यंत दोन्ही ते घेत राहतात. कर्नाटकात झालेल्या मोजण्या उद्बोधक आहेत. उथळ जमिनीत निलगिरीच्या लागवडीने घेतलेले पाणी स्थानिक पानगळीच्या जंगलाएवढेच भरले. खोल जमिनीत मात्र लागवडीने त्या वर्षीच्या पावसापेक्षा जास्त पाणी खेचले, म्हणजे जमिनीतली जुनी साठवण संपवली. पुढे कर्नाटक सरकारने २०१७ मध्ये नव्या निलगिरी लागवडीवर बंदी घातली.

आपल्याकडे दख्खनच्या कातळात पाणी असते ते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि भेगांत. साध्या विहिरी त्याच थरातून भरतात. त्याच थरात निलगिरीची मुळे उतरली तर विहिरीवर परिणाम होणारच. विहिरीच्या किंवा ओढ्याच्या काठाने निलगिरीची ओळ लावू नका. एखाद-दुसरे झाड आणि दोन एकराची दाट लागवड यांना एकाच तागडीत तोलू नये, हेही तितकेच खरे. बांधावरच्या झाडांमुळे शेजारच्या पिकाच्या पहिल्या काही ओळी मार खात असतील तर ओळीपासून दीड-दोन मीटरवर, अडीच-तीन फूट खोल चर काढून आडवी मुळे तोडा. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी तो पुन्हा साफ करावा लागतो.

प्रश्न : औंधमध्ये आमच्या इमारतीला लागून उंच निलगिरी आहे. वादळात भीती वाटते. शेंडा उडवून घ्यावा का?

उत्तर : शेंडा उडवू नका. कापल्या जागेखाली सालीतून जे नवे धुमारे भराभर फुटतात त्यांची पकड फक्त वरच्या लाकडाला असते. चार वर्षांत ते मनगटाएवढे जाड होतात आणि वाऱ्यात तेच मोडतात. छाटलेल्या जागेतून खोडही कुजते. कमाल्डुलेन्सिस तर वारा नसतानाही, कडक उन्हाच्या दिवसांत, जाड फांदी अचानक टाकण्यासाठी ऑस्ट्रेलियात कुप्रसिद्ध आहे. तिच्याखाली बाकडे, घसरगुंडी किंवा पार्किंग ठेवू नका. वाळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या आणि इमारतीवर झुकलेल्या फांद्या खोडाच्या गळपट्टीपाशी, म्हणजे फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगीर कड्यापाशी, नीट कापून घ्या. बुंध्याभोवतीचे सिमेंट किमान मीटरभर मोकळे करा. बुंध्यापाशी जमीन एका बाजूने उचललेली दिसली, भेगा पडल्या किंवा भूछत्रे उगवली तर मात्र दिवस घालवू नका, जाणकाराला बोलवा.

महापालिका हद्दीत झाड तोडायला १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडे संरक्षण व जतन कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाड खासगी आवारात असले तरी. मोठ्या फांद्या छाटण्यापूर्वीही महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा. अर्जासोबत बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर मोजून लिहा आणि धोका दाखवणारे फोटो जोडा. पन्नास वर्षांहून जुने झाड २०२१ च्या दुरुस्तीनंतर हेरिटेज वृक्षात मोडते, तिथे निकष आणखी कडक आहेत.

प्रश्न : तोडलेल्या निलगिरीच्या ओंडक्यांना टोकाशी लगेच तारेसारख्या चिरा पडतात. कापणी चुकते का? खुंट पुन्हा फुटण्यासाठी काय काळजी घ्यावी?

उत्तर : चिरा पडतात ते लाकडात साठलेल्या ताणामुळे. उभ्या झाडात खोडाचा बाहेरचा भाग ओढलेला आणि गाभा दाबलेला असतो. करवत आरपार गेली की दोन्ही एकदम सुटतात आणि टोके काही तासांत फाटतात. जलद वाढलेल्या, कमी घेराच्या झाडांत हे जास्त होते, मग जात कोणतीही असो. टेरेटिकॉर्निसचे लाकूड थोडे जास्त जड आणि खोड बहुधा सरळ. कमाल्डुलेन्सिसमध्ये वाकडेपणा आणि फांद्या जास्त, म्हणून बल्लीसाठी पहिली पसंती टेरेटिकॉर्निसला किंवा सरळ वाढणाऱ्या संकराला.

फळ्या काढायच्या असतील तर तोड हिवाळ्यात करा, एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात नको. ओंडके शक्य तितके लांब ठेवा आणि साल राहू द्या. टोकांना त्याच दिवशी डांबर किंवा मेण लावा आणि दोन-तीन दिवसांत आरागिरणीत न्या. फळ्या सावलीत, मध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या ठेवून, वर वजन देऊन रचा. बल्ल्यांचे उलट आहे. त्यांची साल ताजी असतानाच सोला, एकदा वाळली की ती निघत नाही आणि तिच्याखाली किडे राहतात. जमिनीत गाडायच्या बल्ल्या दाबाखाली रसायन भरून घेतलेल्याच वापरा. नुसते डांबर फासून बाहेरचे कोवळे लाकूड टिकत नाही.

खुंटासाठी जमिनीपासून चार ते सहा इंचांवर, धारदार करवतीने, पाणी घसरून जाईल असा किंचित तिरपा काप घ्या. कुऱ्हाडीने साल फाटली तर फूट त्या बाजूने येत नाही, कारण डोळे सालीखालीच असतात. काप उंच घेतला तर फुटवे खुंटाच्या डोक्यावर येतात आणि वाऱ्यात उपटतात. तोडीनंतर खुंटावर पालापाचोळा जाळू नका. वर्ष-दीड वर्षाने, फुटवे दोन-तीन मीटरचे झाल्यावर, वाऱ्याच्या बाजूचा आणि खालून निघालेला एक, फार तर दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढा. विरळणी लवकर केली तर नवे फुटवे पुन्हा येतात आणि तेच काम दोनदा करावे लागते. मेलेल्या खुंटांच्या जागी नवी रोपे लावायची असतील तर ती तोडीनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात लावा. पुढच्या वर्षापर्यंत शेजारच्या फुटव्यांची सावली इतकी वाढते की रोप तगत नाही.